नग आणि किलो

दिवाळीच्या सुट्टीत मित्रमंडळी गडकिल्ले पाहायला गेली, काही गोव्याला गेली. मी भोपाळला जाऊन आत्याच्या माळ्यावर चढलो. आल्यावर सर्वांनी विचारले, काय पाहिलेस? मोठा तलाव पाहिला, ताजुल मस्जिद पाहिली, सांची राहून गेली. पण लिहावेसे वाटले ते त्या माळ्याबद्दल. संपादकांनी ‘प्रवासवर्णन चालेल’ असे कळवले होते. त्यांनी हा लेख त्याच खात्यात घालावा ही विनंती.

आत्याचे बिऱ्हाड गेली अठ्ठावीस वर्षे भोपाळात आहे, टी. टी. नगराच्या बाजूला. (टी. टी. म्हणजे आपले तात्या टोपे. ही माहिती मी एका रिक्षावाल्याला मोठ्या अभिमानाने दिली. तो शांतपणे म्हणाला, “मालूम है, भैया.”) अठ्ठावीस वर्षांत माणसांपेक्षा वस्तूच जास्त वाढतात. दोन दिवसांत माळ्यावरून खाली आले ते असे: दोन टेबलफॅन, एक मुका मिक्सर, कुलरची गंजकी जाळी, मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, सहा पँटी, साड्यांचे गाठोडे, आतेबहिणीची शाळेची पुस्तके आणि तिचाच एक बूट. दुसरा कुठे गेला ते कुणालाच आठवेना.

आत्याने अंगणात तीन ढीग केले. “हा बर्तनवालीचा, हा कबाड्याचा आणि हा आनंदमचा.” उरलेले कचरागाडीला. हा चौथा ढीग जितका लहान तितकी गृहिणी शहाणी, असे तिचे मत. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करतो आहे. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या मला काढता येतात. पण जुन्या वस्तूचे काय होते, ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाते आणि कुठे मरते, याचा विचार मी त्या अंगणात उकिडवा बसलो तेव्हा पहिल्यांदा केला.

बर्तनवाली दहाच्या सुमाराला आली. आपल्याकडे तिला बोहारीण म्हणतात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे बोचके. तिने पाटी उतरवली, पाणी मागितले आणि मग जे सुरू केले त्याला परीक्षा हाच शब्द योग्य. प्रत्येक साडी उन्हाकडे धरून पाहिली. विरली असेल तर उजेड कळतो. पदर दोन्ही हातांनी ताणला. पँटींचे गुडघे, बूड, मोहरी, शेवटी चेन. पाच पँटी एका बाजूला गेल्या. सहावी, तपकिरी रंगाची, तिने माझ्या पुढ्यात परत टाकली. “इसकी चेन ख़राब है. ये नहीं लूँगी.”

“अगं, कापड तर नवं आहे,” आत्या मराठीतच म्हणाली. घासाघीस रंगात आली की ती मराठीवर येते आणि समोरच्याला ते कळतेही. बाई हसली, पण पँट घेतली नाही. शेवटी पाच पँटी आणि चार साड्यांवर एक भगोना ठरला. झाकणासाठी आणखी एक ओढणी द्यावी लागली.

त्या बाईला कापडाची पारख आहे हे उघडच होते. पण ती खरे पाहत होती ते कापड नव्हतेच, ती पुढचे गिऱ्हाईक पाहत होती. या धंद्याची साखळी मोठी आहे. दारोदार मिळालेले कपडे धुऊन, टाके घालून, बटणे लावून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. दिल्लीत रघुवीर नगरला असा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो आणि तिथे विकणाऱ्यांत गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रियाच अधिक. अहमदाबादेत हाच समाज दिल्ली दरवाजाजवळ जुने कपडे विकतो. अंगात घालण्याजोगे जे नसते त्याच्या चिंध्या होऊन गॅरेजांत आणि छापखान्यांत यंत्रे पुसायला जातात. तेव्हा आत्याच्या अंगणात चेन ओढून पाहणारा तो हात तिथे हजर नसलेल्या कुणा मजुराच्या वतीने चेन ओढत होता. त्याला ‘नको’ म्हणण्याचा जो हक्क आहे, तो आधीच ती बजावून घेत होती. नाही तर वाया गेलेले भांडे तिच्याच खिशातून गेले असते.

आपल्या भागात ही साखळी घरातच पुरी होत असे. माझ्या आजीच्या वाकळेत तिच्या सासूचे इरकली लुगडे आहे, माझ्या बापाचा सदरा आहे आणि एका कोपऱ्यात माझे झबलेही आहे. या अंकाच्या कानडी विभागाचे वाचक तिला कौदी म्हणतील; धावदोरा तोच. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदी तर आता कलावस्तू म्हणून प्रदर्शनांत टांगल्या जातात. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “टांगल्यावर पांघरायचं काय?” असो.

दुपारी कबाडी आला. तीनचाकी हातगाडी, तिच्यावर टांगता काटा. आपल्याकडचा भंगारवाला तो हाच. मी दोन्ही टेबलफॅन एकदमच काट्यावर ठेवायला निघालो. त्याने मला थांबवले. एका पंख्याचे पाते बोटाने फिरवले, कान लावून ऐकले, दांडी हलवून पाहिली. “को ख़ाँ, ये तो नग में जाएगा.” दुसऱ्याचे पाते फिरलेच नाही. तो किलोत गेला.

नग आणि किलो! आमच्या क्रमिक पुस्तकात हे दोन शब्द असते तर कितीतरी पाने वाचली असती. किलोत गेलेला पंखा हा पंखा राहत नाही. गुंडाळीचे तांबे एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे, लोखंडी बैठक तिसरीकडे, आणि प्रत्येकाचा भाव वजनावर. नगावर गेलेला पंखा मात्र अजून पंखाच असतो. त्याला बुश बदलून, तेल घालून, फार तर कंडेन्सर नवा टाकून कुणीतरी दुकानदार निम्म्याहून कमी किमतीत विकतो आणि तो पुढची काही वर्षे कुणाच्या तरी खोलीत घरघरतो. भट्टीत तांबे वितळवून पुन्हा तांबे मिळते, हे खरे आणि चांगलेच. खाणीतून नव्याने काढण्यापेक्षा त्याला ऊर्जा बरीच कमी लागते. पण वितळताना तार ओढणाऱ्याची, गुंडाळी करणाऱ्याची, पाती तोलणाऱ्याची सगळी मेहनत धुरात जाते. म्हणून पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण या दोन गोष्टी भाषणांत आणि भित्तिपत्रकांत एका श्वासात म्हटल्या जातात ते मला आता पटत नाही. पहिल्यात वस्तू जगते, दुसऱ्यात तिचे अंत्यसंस्कार नीट होतात एवढेच.

दुसऱ्या दिवशी मामांबरोबर जुन्या शहरात गेलो. तिथे वस्त्यांना वारांची नावे आहेत: इतवारा, बुधवारा, जुमेराती. तिथे कबाडखाना नावाचीही एक वस्ती आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे नुसता गंज दिसतो. थोडा वेळ उभे राहिले की निवड दिसू लागते. एक मुलगा जुन्या स्क्रूंच्या राशीतून लांबीप्रमाणे स्क्रू वेगळे करत होता. एक म्हातारा कुलरच्या मोटारी नुसत्या हाताने फिरवून दोन बाजूंना ठेवत होता, नग आणि किलो. कोणाच्याही हाती यंत्र नव्हते. सगळा धंदा बोटांवर आणि कानांवर. मामा म्हणाले, “इथे तासभर उभा राहा, तुला घरात काय काय फेकलंस ते आठवेल.” मला मुका मिक्सर आठवला. तो आम्ही न तपासताच किलोत दिला होता.

भोपाळशी जोडलेले एक मोठे नाव इथे घ्यायलाच हवे. १९७२ पासून होशंगाबाद जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. पुण्याच्या टेल्कोतले एक अभियंते, अरविंद गुप्ता, १९७८ साली रजा घेऊन तिकडे गेले. सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी त्रिकोण, घन, घराचे सांगाडे करून दाखवले. हा कार्यक्रम पुढे चालवण्यासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने त्यांचे ‘कबाड़ से जुगाड़’ हे पुस्तक काढले. पुढे ते पुण्याला आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात आले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे वस्तू नगही राहत नाही आणि किलोही होत नाही. ती आपला व्यवसायच बदलते. मात्र यासाठी लागणारी बुद्धी कुठल्याच काट्यावर मिळत नाही, म्हणून हा मार्ग सर्वांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या आतेबहिणीच्या एकट्या बुटाचे आम्हाला तासभर विचार करूनही काही करता आले नाही.

जे कुठल्याच ढिगात बसत नाही ते शहराबाहेर जाते. भोपाळचा कचरा कित्येक दशके भानपूरला पडत असे. तिथला डोंगर वस्तीला नकोसा झाला. २०१८ साली तिथे टाकणे बंद करून आदमपूर छावणीकडे नेणे सुरू झाले. कचरा ‘टाकला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो फक्त दुसऱ्याच्या दाराशी गेलेला असतो. भोपाळकरांना हे अधिक कठोरपणे शिकावे लागले. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, १ जानेवारी २०२५ च्या रात्री, बारा बंद कंटेनरांतून पीथमपूरला हलवला. जून २०२५ अखेर तो तिथे जाळून झाला. पीथमपूरच्या लोकांनी त्याला विरोध केला होता; आमच्याच दाराशी का, हा त्यांचा प्रश्न होता. मामा त्या विषयावर फार बोलत नाहीत. आम्ही तिकडून परतताना त्यांनी फक्त कारखान्याच्या दिशेला बोट दाखवले आणि स्कूटर पुढे काढली.

आता तिसरा ढीग. मध्य प्रदेश सरकारने २०१६ साली ‘आनंद विभाग’ नावाचे खाते काढले. (नाव ऐकून मीही हसलो होतो.) त्याच्या वतीने जानेवारी २०१७ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी ‘आनंदम’ केंद्रे सुरू झाली. आपल्याला नको असलेली पण चांगली वस्तू तिथे ठेवावी, ज्याला हवी त्याने न विचारता न्यावी, अशी ती कल्पना. तिचे मूळ इराणात सापडते. २०१५ च्या अखेरीस मशहद शहरात कुणीतरी भिंतीला खुंट्या ठोकून, थंडीत कुडकुडणाऱ्यांसाठी गरम कपडे लटकवण्याचे आवाहन रंगवले. महिन्याभरात ती कल्पना देशोदेशी गेली. आपल्याकडे कोल्हापुरात आणि इतर कितीतरी गावांत २०१६ नंतर ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली, ती याच जातीची. मे २०२३ मध्ये तर केंद्र सरकारच्या मोहिमेतून शहरोशहरी जुन्या वस्तूंची संकलन केंद्रे निघाली.

अशाच एका भिंतीपाशी मी संध्याकाळी पिशवी घेऊन गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण दोष भिंतीचा नव्हता. पिशवीत चार स्वेटर, आतेबहिणीची पुस्तके आणि ती तपकिरी पँट होती. सकाळी बर्तनवालीने नाकारलेली पँट मी सायंकाळी दान म्हणून आणली होती! त्या क्षणी हे माझ्या ध्यानातही आले नाही. उलट पिशवी रिकामी करताना मला बरे वाटत होते, छायाचित्र काढावे असेही वाटून गेले.

फळीवर आणि खाली बरेच काही पडले होते. एकेकटी चप्पल, हात फाटलेला सदरा, डाग पडलेली उशी. माझ्यासारख्याच दात्यांनी आपला चौथा ढीग तिसऱ्याच्या नावाने तिथे आणला होता. एक बाई दहा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन निवडत होती. तिने माझी पँट उचलली, मुलाच्या थोरल्या भावासाठी असावी, कमरेला हाताने मापली आणि चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. तिने पुन्हा ओढली. मग माझ्याकडे न पाहता पँटची व्यवस्थित घडी घातली आणि फळीवर परत ठेवली. सकाळची बाई “नहीं लूँगी” म्हणाली होती, हिने तेवढेही म्हटले नाही. फुकट घेणाऱ्याला ‘नको’ म्हणायची चोरी असते. त्या घडीकडे पाहून मला जे वाटले ते लिहायला मी कचरतो आहे. मी पँट पुन्हा पिशवीत घातली आणि घरी आलो.

हा प्रश्न मला एकट्याला पडला नाही, हे नंतर वाचनात आले. २००४ च्या डिसेंबरात सुनामी आली तेव्हा देशभरातून तमिळनाडूत कपडे गेले आणि त्यांतले पुष्कळ किनाऱ्यावरच्या रस्त्यांच्या कडेला ढिगाने पडून राहिले, कारण कोळी कुटुंबांना ते उपयोगाचे नव्हते. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ संस्थेने ते ढीग निवडण्याचे काम अंगावर घेतले. गूंजची पद्धत बर्तनवालीच्या जवळची आहे. आलेला प्रत्येक कपडा हातात घेऊन पाहायचा, दुरुस्त करायचा, प्रदेश आणि हवामान पाहून गठ्ठे बांधायचे, निरुपयोगी सुती कापडाच्या घड्या करून पाळीच्या दिवसांसाठी द्यायच्या. शिवाय गावाने आपल्या गरजेचे काम, विहीर उपसणे असो की रस्ता करणे असो, स्वतः ठरवून करायचे आणि कपडे त्याचा मोबदला म्हणून घ्यायचे. भीक नव्हे, मजुरी. मजुरी घेणाऱ्याला माल खराब निघाला तर बोलता येते. अंशू गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो कपडे गोळा केल्याबद्दल मिळाला असे अनेकांना वाटते. मला वाटते तो निवडल्याबद्दल होता.

ज्याची निवड होऊच शकत नाही अशा कपड्यांची शेवटची वाट पानिपतला जाते. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे रंगांप्रमाणे लावतात, बटणे आणि चेनी काढतात, फाडून पुन्हा सूत काढतात. रंग आधीच लावून घेतल्यामुळे नव्याने रंगवण्याची गरज फारशी राहत नाही. पूर-भूकंपानंतर वाटली जाणारी करडी घोंगडी पुष्कळदा तिथलीच. म्हणजे किलोत गेलेला माल पुन्हा नग झाला, पण फार लांबच्या रस्त्याने.

आपल्या गावांत ही व्यवस्था वेगळ्या रूपाने होती, काही ठिकाणी आहेही. लग्नाकार्याचे मोठे हंडे, पराती, सतरंज्या देवळात गावकीच्या मालकीच्या असत. नेताना मोजून नेत, आणताना घासून आणत, आणि ठोका पडला असेल तर कल्हईवाल्याचे पैसे नेणाऱ्याने द्यायचे. देणारा गाव आणि घेणारा गावकरी, दोघांनाही भांडे वाजवून घ्यायची मोकळीक होती. आता कार्याला पत्रावळीही प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या कागदाच्या येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या गावाबाहेर ओढ्यात दिसतात.

महाविद्यालयात आपल्याजवळ पुस्तकपेढी आहे. पहिल्या वर्षी मला तिथून अर्थशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक मिळाले होते. वडिलांना तेवढी पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून मला त्याचे फार अप्रूप. परीक्षेच्या आठवड्यात कळले की ‘उपभोग’ या प्रकरणाची सोळा पाने कुणीतरी आधीच कापून घेतली आहेत. ते पुस्तक कुणी दिले असेल, कापलेले दिले की देऊन मग कापले गेले, मी कधी विचारले नाही. फुकट मिळाले होते, विचारणार कोणत्या तोंडाने? भोपाळला त्या फळीसमोर मला ती सोळा पाने आठवली. या वर्षी परत करायची पुस्तके मी आणि माझे दोन मित्र पानोपान तपासणार आहोत, पाठ उसवलेली शिवणार आहोत, आणि ज्यांत पाने नाहीत त्यांच्या पहिल्या पानावर तसे पेन्सिलीने लिहिणार आहोत. आणखी दोघे-तिघे आले तर काम दोन दुपारींचे आहे. खळ आणि दाभण ग्रंथालयात मिळेल, असे मला कळले आहे.

पँटचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, “पुन्हा घरी आणलीस? मग पुसायला घेते.” मी नको म्हटले. नाक्यावर झाडाखाली यंत्र मांडून बसणाऱ्या एका शिंप्याकडे गेलो. त्याने जुनी चेन उसवून नवी घातली, मोहरी आत दुमडून टीप मारली आणि साठ रुपये सांगितले. पन्नासात ठरले. “पहनोगे?” त्याने विचारले. नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा संशयाने पाहू लागला. दुसऱ्याच्या पँटला पन्नास रुपये घालणारे गिऱ्हाईक त्याच्याकडे रोज येत नसावे. मी भिंतीपाशी गेलो, चेन तीन वेळा खालीवर करून पाहिली आणि पँट खुंटीला अडकवली.

परतीच्या गाडीच्या आधी मुद्दाम तिकडून गेलो. पँट नव्हती. ती डाग पडलेली उशी मात्र होती तिथेच होती. आत्याला येऊन सांगितले, तर तिने डबा बांधता बांधता विचारले, “अरे, पण बटण पाहिलं होतंस का? त्याचं कमरेचं बटणही सैल होतं.”